चार पाकळ्यांचा पाहुणा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर चिचेस्टर हार्बर नावाची एक उथळ खाडी आहे. ओहोटी लागली की पाणी लांबवर सरतं आणि मागे चिखल, दगड, नांगरलेल्या होड्या आणि धक्क्याचे ओले खांब उरतात. दुसरं महायुद्ध संपलं त्या वर्षी, म्हणजे १९४५ साली, या खाडीत करड्या-पांढऱ्या रंगाचा एक छोटा जीव आढळला. आकार शर्टाच्या बटणाएवढा. एका जागी घट्ट चिकटलेला. त्याच्या कवचाच्या भिंतीत चार तुकडे होते.

बातमी एवढीच होती, पण ज्याला कळायची त्याला ती लगेच कळली. इंग्लंडच्या खडकांवर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात सगळीकडे दिसणाऱ्या बार्नॅकलच्या भिंतीत सहा तुकडे असतात. चार तुकड्यांचा, कडेने नागमोडी, फुलासारखा दिसणारा हा बार्नॅकल न्यूझीलंडचा आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाचा. समुद्रमार्गे मोजलं तर त्याचं घर सुमारे वीस हजार किलोमीटरवर होतं. १९४७ साली एम. डब्ल्यू. एच. बिशप यांनी 'नेचर' साप्ताहिकात या परदेशी बार्नॅकलची नोंद छापली, तोवर तो पाहुणा म्हणून आलेला जीव त्या किनाऱ्यावर संसार थाटून बसला होता.

तो तिथे पोचला कसा, हा या लेखाचा अर्धा विषय. उरलेला अर्धा विषय वेगळा आहे: तो परका आहे हे कळलं कसं? कारण जगातल्या बहुतेक बंदरांत हे कुणालाच कळलेलं नाही. त्यात आपली मुंबईही आली.

डोक्यावर उभा राहिलेला प्राणी

कोकणातल्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी अनवाणी चाललेल्या कुणालाही बार्नॅकल माहीत असतो, नाव माहीत नसलं तरी. खडकावर, धक्क्याच्या भिंतीवर, होडीच्या बुडाला पांढऱ्या खरखरीत फोडांसारखं जे काही पसरलेलं असतं आणि ज्याने तळपाय कापतो, ते हेच. बघणाऱ्याला तो कालवांचा कुणीतरी गरीब नातेवाईक वाटतो. शास्त्रज्ञांनाही बराच काळ तसंच वाटायचं. शिंपले-गोगलगायींच्या वर्गातच त्याची गणना होत होती.

१८२० च्या दशकात आयर्लंडमधल्या कॉर्क बंदरात लष्करी वैद्य म्हणून काम करणाऱ्या जॉन व्हॉन थॉम्प्सन यांनी समुद्राच्या पाण्यातून काही सूक्ष्म पोहणारे जीव जाळीने गोळा केले आणि ते वाढताना पाहिले. पायांनी वल्हवत पोहणारे ते जीव भांड्याच्या बुडाशी चिकटले आणि त्यांचे बार्नॅकल झाले. हा प्राणी कालवांचा कुणी लागत नव्हता. तो कोळंबी, खेकडे आणि शेवंडीच्या कुळातला होता.

त्याचं आयुष्य विलक्षण आहे. अंड्यातून निघालेलं पिल्लू काही दिवस ते काही आठवडे प्रवाहासोबत तरंगतं, खातं, कात टाकतं. शेवटच्या रूपात ते खाणं बंद करतं आणि फक्त जागा शोधतं. जागा पसंत पडली की डोक्याकडच्या बाजूने स्वतःला एका चिवट सिमेंटने चिकटवून घेतं, भोवती चुन्याची भिंत उभारतं आणि उरलेलं आयुष्य डोक्यावर उभं राहून, पायांनी पाणी गाळून अन्न तोंडात ढकलत काढतं. एकदा चिकटल्यावर तिथून हलणं नाही. पाणी ओसरलं की तो वरची झडप घट्ट मिटून घेतो आणि आतल्या थेंबभर पाण्यावर भरतीची वाट बघतो.

म्हणजे बार्नॅकलच्या आयुष्यातला महत्त्वाचा निर्णय एकच: कुठे चिकटायचं. आणि त्याला खडक आणि जहाज यांतला फरक कळत नाही.

डार्विनने ठेवलेलं नाव

चिचेस्टरच्या पाहुण्याला शास्त्रीय नाव आधीच मिळालेलं होतं. ते ठेवणारा माणूस होता चार्ल्स डार्विन. 'बीगल' जहाजावरच्या प्रवासात, १८३५ साली, डार्विनला चिलीच्या किनाऱ्यावर एका शंखाच्या कवचात भोकं पाडून राहणारा विचित्र बार्नॅकल सापडला होता. त्याचं वर्णन करायला तो १८४६ मध्ये बसला. तुलनेसाठी आणखी काही बार्नॅकल पाहावेत म्हणून त्याने ते मागवले, मग आणखी मागवले, आणि आठ वर्षं गेली. जगभरातल्या संग्राहकांनी आणि संग्रहालयांनी पाठवलेल्या डब्या त्याच्या घरी येत राहिल्या. त्याच्या मुलांना वाटायचं की सगळ्याच मोठ्या माणसांना बार्नॅकलचं काम असतं; त्यातल्या एकाने शेजारच्या घरातल्या बाबांबद्दल, 'ते त्यांचे बार्नॅकल कुठे करतात?' अशी चौकशी केल्याची गोष्ट सांगितली जाते.

१८५४ साली त्याच्या ग्रंथाचा शेवटचा मोठा खंड आला. त्यात दक्षिण गोलार्धातल्या या चार तुकड्यांच्या जीवाला डार्विनने 'एल्मिनियस मॉडेस्टस' म्हटलं. मॉडेस्टस म्हणजे साधासुधा, विनम्र. (आज त्याचं कुळनाव बदलून 'ऑस्ट्रोमिनियस' झालं आहे, विनम्रपणा मात्र कायम आहे.) त्याच खंडात त्याने आणखी एका बार्नॅकलला 'अ‍ॅम्फिट्राइट' हे ग्रीक समुद्रदेवतेचं नाव दिलं. तो आपल्याला पुढे मुंबईत भेटणार आहे.

डार्विनच्या या कामाला त्याच्या चरित्रांत नेहमी उत्क्रांतीच्या ग्रंथाआधीचा उंबरठा म्हणून जागा मिळते. पण ज्याला किनाऱ्याचा इतिहास लिहायचा आहे त्याच्यासाठी या ग्रंथाचं मोल वेगळं आहे. १८५४ साली कोणता बार्नॅकल जगात कुठे राहतो, याची ती पहिली मोठी हजेरी होती. नव्वद वर्षांनी चिचेस्टरच्या खाडीत चार तुकडे मोजणाऱ्या माणसाला 'हा इथला नाही' असं म्हणता आलं, ते या हजेरीच्या आणि नंतर शे-दीडशे माणसांनी इंग्लंडच्या खडकांवर वाकून केलेल्या नोंदींच्या जोरावर.

युद्धाचं सामान

युद्धकाळात ब्रिटनच्या ताटातलं लोणी, मटण आणि अंगावरची लोकर न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातून येत होती. सैनिकही येत होते. ऑकलंड, वेलिंग्टन, सिडनी, मेलबर्न इथून निघालेली जहाजं पनामा कालव्यातून किंवा आफ्रिकेला वळसा घालून ब्रिटिश बंदरांत पोचत. शांततेच्या काळातही हा मार्ग होताच. मग हा बार्नॅकल आधी का आला नाही?

नेमकं कोणतं जहाज हे सांगता येत नाही, पण युद्धाने काय बदललं ते सांगता येतं. बार्नॅकलला चालतं जहाज आवडत नाही, थांबलेलं आवडतं. पिल्लाला चिकटायला शांत पाणी लागतं. जर्मन पाणबुड्यांच्या भीतीने जहाजं ताफ्याने जात असत आणि ताफा जमेपर्यंत बंदराबाहेर नांगर टाकून दिवसचे दिवस थांबत. बूड खरवडायला आणि रंगवायला सुक्या गोदीत जाण्याची पाळी लांबत होती. गोद्या बुडता बुडता वाचलेल्या जहाजांच्या दुरुस्तीत अडकल्या होत्या. बुडावर वाढलेलं जंगल तसंच घेऊन जहाजं समुद्र ओलांडत होती, आणि पलीकडच्या खाडीत पुन्हा थांबत होती. तिथे उबदार पाण्याची चाहूल लागली की त्या जंगलातून पिल्लं सुटत.

नव्या खाडीत टिकण्यासाठी जे लागतं ते या जीवाकडे भरपूर होतं. इंग्लंडचा नेहमीचा बार्नॅकल वर्षातून एकदाच, हिवाळा सरता सरता पिल्लं सोडतो. हा पाणी फार थंड नसेल तेव्हा वर्षभर सोडत राहतो. उन्हाळ्यात चिकटलेलं पिल्लू दोन-तीन महिन्यांत स्वतः आई-बाप व्हायला तयार होतं. आई-बाप दोन्ही, कारण बहुतेक बार्नॅकलप्रमाणे तो उभयलिंगी असतो. खाडीच्या तोंडाशी येणारं निमखारं, गढूळ पाणी त्याला चालतं. खडक, लाकूड, शिंपला, दुसऱ्या बार्नॅकलची पाठ, त्याला काहीही चालतं.

वीस किलोमीटर आणि एक उडी

चिचेस्टरनंतर तो थेम्सच्या मुखाकडे, एसेक्स आणि केंटच्या खाड्यांमध्ये प्रचंड संख्येने सापडला. १९४६ मध्ये नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर. १९५० च्या आसपास फ्रान्समध्ये. पुढे जर्मनी, आयर्लंड, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस पार उत्तरेच्या शेटलंड बेटांपर्यंत.

या प्रवासाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाचं नाव डेनिस क्रिस्प. बार्नॅकलचा अभ्यास त्याने सुरू केला तो जहाजांवर शेवाळ-बार्नॅकल चढू नये म्हणून लावायच्या रंगांच्या संशोधनातून; पुढे वेल्समधल्या मेनाय ब्रिज इथल्या सागरी केंद्रात त्याने आयुष्य काढलं. १९५८ साली त्याने वायव्य युरोपातल्या या प्रसाराचा सविस्तर इतिहास प्रसिद्ध केला. किनाऱ्यावरून चालत, खाडीमागून खाडी तपासत, 'इथे आहे, इथे नाही, इथे मागच्या वर्षी नव्हता' अशा नोंदींवर उभं असलेलं ते काम आहे.

क्रिस्पच्या हिशेबात प्रसाराचे दोन वेग दिसतात. पहिला वेग प्राण्याचा स्वतःचा. पिल्लं प्रवाहासोबत वाहत पुढच्या खडकावर जातात, तिथे वाढतात, त्यांची पिल्लं त्यापुढच्या खडकावर. अशा तऱ्हेने सीमा वर्षाला साधारण २० ते ३० किलोमीटर पुढे सरकते. दुसरा वेग आपला. मधले शेकडो किलोमीटर कोरे सोडून तो अचानक एखाद्या लांबच्या खाडीत उगवतो, आणि त्या खाडीत बहुतेक वेळा बंदर असतं. नकाशावर पहिला प्रकार तेलाच्या डागासारखा पसरतो, दुसरा शाईच्या शिंतोड्यांसारखा. नंतर शिंतोडे पसरून एकमेकांना मिळतात आणि आपल्याला वाटतं, हा जीव इथे पूर्वीपासून सगळीकडे होता.

सगळ्याच उड्या यशस्वी होत नाहीत. १९४० च्या दशकाच्या अखेरीस तो केप टाउनच्या गोदीतही दिसला होता, पण तिथे त्याचं बस्तान बसलं नाही. जहाजं जगभर जीव सांडत असतात. त्यातले बहुतेक मरतात. इतिहासात नोंद होते ती तगलेल्यांची.

तगलेला जीव लगेच पसरतोच असंही नाही. जर्मनीच्या सिल्ट बेटावर तो १९५५ साली आला आणि पुढची चाळीस वर्षं तुरळकच राहिला. कडक हिवाळे त्याला दर काही वर्षांनी मागे ढकलत होते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हिवाळे सौम्य आणि उन्हाळे उबदार झाले, आणि २००७ पर्यंत तिथला सर्वांत जास्त संख्येने आढळणारा बार्नॅकल तोच झाला होता. पन्नास वर्षं दारात बसलेल्या पाहुण्याला घरात घेतलं ते बदललेल्या हवामानाने. तेही आपलंच काम.

कालवांच्या शेतीत

बटणाएवढ्या जीवाची एवढी चिंता कशाला, असं वाटणं साहजिक आहे. एसेक्सच्या खाड्यांमध्ये कालवांची शेती करणाऱ्यांना तसं वाटत नव्हतं. कालवांची पिल्लंही बार्नॅकलसारखीच तरंगत येतात आणि चिकटायला स्वच्छ कठीण जागा शोधतात. शेतकरी त्यांच्यासाठी तळाशी रिकामे शिंपले पसरून ठेवतात. आता उन्हाळाभर पिल्लं सोडणारा हा नवा जीव त्याच शिंपल्यांवर आधी येऊन बसू लागला. तिथल्या कालव-संशोधन केंद्रात काम करणाऱ्या ई. डब्ल्यू. नाइट-जोन्स यांनी १९४८ सालीच लिहिलं की पूर्व किनाऱ्यावरच्या कालवांमागे हे आणखी एक आयात संकट लागलं आहे.

'आणखी एक', कारण आधीची संकटं कालवांच्या शेतीनेच आणली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडची स्वतःची कालवं संपत आली तेव्हा अमेरिकेतून जिवंत कालवं मागवून खाड्यांत टाकली गेली. त्यांच्या कवचांवर, कवचांच्या मध्ये, चिखलात दडून चपलेच्या आकाराच्या गोगलगायी आणि कालवांना भोक पाडून खाणारे शंख आले. ज्या धंद्याला पाहुण्यांचा सगळ्यात जास्त फटका बसला, पाहुण्यांना गाडीभाडं देऊन आणणाराही तोच धंदा होता.

ही गोष्ट तिथेच थांबत नाही. १९६० च्या दशकापासून जपानी कालव जगभर शेतीसाठी नेलं गेलं. जपानच्या आसपासच्या समुद्रातला एक जीव, 'कॅप्रेला म्युटिका', १९३५ साली रशियन किनाऱ्यावरच्या नमुन्यांवरून शास्त्राला माहीत झाला होता. त्याला बघितलं तर कुणी कोळंबीचा सांगाडा करून तो शेवाळावर टांगलाय असं वाटतं. इंग्रजीतही त्याला सांगाडा-कोळंबीच म्हणतात. १९७० च्या दशकात तो कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सापडला, १९९५ मध्ये नेदरलँड्समध्ये, १९९९ मध्ये स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका मत्स्यशेतीत. आज त्या भागातल्या मत्स्यशेतीच्या जाळ्यांवर आणि दोरांवर तो दाटीवाटीने लोंबकळतो.

कॅप्रेलाची गंमत अशी की त्याला तरंगणारं पिल्लूच नसतं. मादी पिल्लं पोटाशी पिशवीत वाढवते, आणि बाहेर पडलेलं पिल्लू लगेच जवळच्या दोराला मिठी मारतं. फार तर तुटलेल्या शेवाळाच्या पुंजक्यावर बसून तो थोडं वाहत जाईल. असा बैठा प्राणी तीस-चाळीस वर्षांत दोन महासागरांच्या दोन्ही काठांवर पोचतो, तेव्हा त्याचा नकाशा हा आपल्याच व्यापाराचा नकाशा असतो.

तांब्यापासून विषापर्यंत

जहाज बांधणारा माणूस या जीवांशी पहिल्यापासून लढतो आहे. विजयदुर्गजवळ वाघोटन खाडीच्या काठी खडकात खोदलेली मराठा आरमाराची गोदी आजही पाहायला मिळते. भरतीला गलबत आत घ्यायचं, पाणी ओसरलं की उघडं पडलेलं बूड खरवडायचं, भोकं बुजवायची, तेल-राळ चोपडायची. कोकणात आजही पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्रात उतरवण्याआधी त्यांचं बूड साफ करून रंगवतात. हे काम सणाची तयारी म्हणून आपल्याला दिसतं. ते बार्नॅकलविरुद्धचं वार्षिक युद्ध आहे.

खुल्या समुद्रातल्या लांबच्या प्रवासाला हे पुरेना. ब्रिटिश आरमाराने १७६१ साली 'अलार्म' या जहाजाचं बूड तांब्याच्या पत्र्याने मढवून पाहिलं, आणि १७८० च्या आसपास सगळा ताफाच मढवला. तांबं समुद्राच्या पाण्यात हळूहळू विरघळतं आणि चिकटू पाहणाऱ्या पिल्लांना मारतं. एकोणिसाव्या शतकात जहाजं लोखंडी झाली. लोखंडावर तांबं ठोकलं तर लोखंडच झपाट्याने गंजतं, म्हणून विषारी रंग आले. १९६० च्या दशकात त्यात कथिलाचं एक जालीम संयुग आलं, टीबीटी. बार्नॅकल मेले. सोबत फ्रान्समधल्या आर्काशों खाडीतली कालवंही वेडीवाकडी, जाड कवचाची होऊ लागली, त्यांची वीण थांबली. १९८२ साली फ्रान्सने छोट्या नौकांवर या रंगाला बंदी घातली. जगभरची बंदी अमलात यायला २००८ उजाडलं.

बुडाखालचा प्रवासी रोखला तोवर पोटातला प्रवासी वाढला होता. रिकामं जहाज समुद्रात डोलतं, म्हणून त्यात भार भरावा लागतो. पूर्वी हा भार दगड-वाळूचा असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून टाक्यांत समुद्राचं पाणीच भरायची पद्धत रुळली, त्याला बॅलास्ट पाणी म्हणतात. एका बंदरात पाणी भरायचं, दुसऱ्या बंदरात माल चढवताना ओतून टाकायचं. जेम्स कार्लटन आणि जोनाथन गेलर यांनी अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या कूस बे इथे जपानहून आलेल्या १५९ जहाजांचं बॅलास्ट पाणी तपासलं आणि १९९३ साली निष्कर्ष छापले: त्यात जिवंत जीवांचे ३६७ प्रकार होते. त्यांत तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक, उड्या मारत पोहणारे कोपेपॉड नावाचे क्रस्टेशियन होते, खेकड्यांची पिल्लं होती, आणि बार्नॅकलचीही.

याच कार्लटनने एक वेगळा प्रयोगही केला. सोळाव्या शतकात फ्रान्सिस ड्रेकने ज्या जहाजातून पृथ्वीप्रदक्षिणा केली त्या 'गोल्डन हाइंड'ची लाकडी प्रतिकृती १९८० च्या दशकात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर बंदराबंदरांतून फिरत होती. त्याने आणि त्याच्या सहकारी जॅनेट हॉडर यांनी तिच्या बुडावरचे जीव एका बंदरात मोजले आणि पुढच्या बंदरात पुन्हा मोजले. खुल्या समुद्रातून शिडाच्या जहाजाच्या संथ गतीने प्रवास करून बरेचसे जीव जिवंत पोचले होते. म्हणजे कोलंबस, वास्को द गामा, ड्रेक यांच्या जहाजांनी काय केलं असेल त्याचा हा पुरावा. आणि त्यांच्या काळात चिचेस्टरसारखं तुकडे मोजत बसलेलं कुणी नव्हतं.

मुंबईची हजेरी

आता आपल्या धक्क्यावर येऊ. मुंबईच्या गोदीच्या भिंतीवर, खांबांवर, होड्यांच्या बुडांवर जो बार्नॅकल सर्रास दिसतो, त्यात डार्विनने नाव ठेवलेला तो 'अ‍ॅम्फिट्राइट' प्रमुख आहे. गुलाबी-जांभळ्या उभ्या रेघांचा, सहा तुकड्यांचा. गोव्यातही तोच, चेन्नईतही तोच. जपान, कॅलिफोर्निया, ब्राझील, भूमध्य समुद्र सगळीकडे तो आहे. १९३७ साली तो इंग्लंडच्या शोरहॅम बंदरातही सापडला, तिथल्या वीजकेंद्रातून येणाऱ्या कोमट पाण्यात मजेत राहत.

इंग्लंडमध्ये तो परका. मुंबईत?

हिंद आणि पश्चिम प्रशांत महासागराच्या उबदार पट्ट्यातला तो असावा असा अंदाज आहे. पण मुंबईच्या या बेटांवर तो मूळचा, की शेकडो वर्षांपूर्वी कुठल्यातरी गलबताखालून उतरलेला, हे सांगायला जुनी नोंद लागते. मुंबईची सुकी गोदी १७५० मधली. सुरतेहून आलेल्या लवजी वाडियांच्या घराण्याने इथे सागवानी जहाजं बांधली. त्यातलं १८१७ साली पाण्यात उतरलेलं 'ट्रिंकोमाली' अजून इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. १८३० साली, थॉम्प्सनने कॉर्कमधली बार्नॅकलच्या पिल्लांची निरीक्षणं छापली त्याच वर्षी, मुंबईत बांधलेली आगबोट 'ह्यू लिंडसे' मुंबईहून सुएझला गेली. त्याआधी अरबांची, गुजरात्यांची, पोर्तुगिजांची गलबतं या पाण्यात कित्येक शतकं येत-जात होती. भारतीय प्राणिसर्वेक्षणाचा पहिला संचालक नेल्सन अ‍ॅनान्डेल याने भारतीय बार्नॅकलवर लिहायला सुरुवात केली ती विसाव्या शतकाच्या आरंभी. हजेरी घ्यायला मास्तर आले तोवर वर्ग भरून गेला होता. कोण या शाळेतला आणि कोण बाहेरून येऊन बसलेला, हे ओळखायची सोयच उरली नव्हती.

अशा जीवांसाठी कार्लटनने १९९६ मध्ये एक स्वतंत्र शब्द सुचवला. त्याचा अर्थ साधारण 'मूळ झाकलेला'. स्थानिक म्हणता येत नाही, परका म्हणता येत नाही. या शब्दामुळे बरेच जण अस्वस्थ झाले, कारण त्याआधी ज्याच्या परकेपणाचा पुरावा नाही त्याला आपोआप स्थानिक धरलं जायचं. हा शब्द लावून बंदरांच्या याद्या पुन्हा तपासल्या तर 'आपला' म्हणून गृहीत धरलेला मोठा भाग संशयाच्या रकान्यात जातो.

मुंबई बंदरासाठी पद्धतशीर हजेरी घेतली गेली ती एकविसाव्या शतकात. बॅलास्ट पाण्याच्या प्रश्नावर २००० साली सुरू झालेल्या 'ग्लोबॅलास्ट' या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात सहा विकसनशील देशांतली सहा बंदरं निवडली गेली: ब्राझीलचं सेपेतिबा, चीनचं दालियन, इराणचं खार्ग बेट, युक्रेनचं ओदेसा, दक्षिण आफ्रिकेचं सल्दान्या आणि भारताचं मुंबई. गोव्यातल्या दोनापावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मुंबई आणि जवाहरलाल नेहरू बंदरात तळाचा गाळ, पाणी, धक्क्यांच्या भिंती यांवरचे जीव गोळा करून नोंदवले. या संस्थेत ए. सी. अनिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अ‍ॅम्फिट्राइट बार्नॅकलवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. २००४ मध्ये बॅलास्ट पाण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला. तो अमलात आला ८ सप्टेंबर २०१७ रोजी. आता मोठ्या जहाजांना हे पाणी ओतण्याआधी प्रक्रिया करून निर्जंतुक करावं लागतं.

एक उदाहरण आपल्याकडेही तारखेनिशी सांगता येतं, आणि ते का सांगता येतं हे लक्षात घेण्यासारखं आहे. मध्य अमेरिकेच्या उबदार पाण्यातला एक काळसर पट्ट्यांचा छोटा शिंपला १९६७ च्या सुमारास विशाखापट्टणमच्या बंदरात सापडला आणि १९७० च्या दशकात मुंबईच्या नौदल गोदीत. तो क्रस्टेशियन नाही, पण आला त्याच वाटेने. त्याची तारीख माहीत आहे, कारण विशाखापट्टणमला आंध्र विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ आणि मुंबईत नौदलाच्या प्रयोगशाळेतले संशोधक पाण्यात लाकडी फळ्या आणि पट्ट्या टांगून, दर काही दिवसांनी बाहेर काढून, त्यांवर कोण कोण बसलं ते लिहीत होते. वही उघडी होती म्हणून नवं नाव दिसलं.

'परका' म्हणताना

या विषयावरचं लेखन वाचताना 'घुसखोर', 'आक्रमक', 'स्थलांतरित' असे शब्द सारखे समोर येतात. माणसांबद्दल वापरले जाणारे हे शब्द प्राण्यांकडे गेले आणि तिथून आणखी धार लावून परत माणसांकडे येतात. म्हणून थोडं सांभाळून बोलायला हवं. या बार्नॅकलने कुठली सीमा ओलांडायचं ठरवलं नव्हतं. त्याला एक कठीण पृष्ठभाग मिळाला आणि त्याने नेहमीचं काम केलं. ठरवलं होतं ते आपण: कुणाला लोणी हवं होतं, कुणाला स्वस्त कालवं, कुणाला ताफा जमेपर्यंत थांबणं भाग होतं.

पण शब्दांची काळजी घेता घेता नुकसान नाकारण्यातही अर्थ नाही. एसेक्सच्या कालवांची जागा खरोखरच गेली. सिल्टच्या खडकांवर जे पूर्वी होतं ते आता कमी आहे. आणि चिकटलेला बार्नॅकल परत पाठवता येत नाही. १९४५ नंतर युरोपात कुणीही त्याला हटवू शकलेलं नाही. जे करता येतं ते आधी: बूड साफ ठेवणं, पाणी प्रक्रिया करून ओतणं, आणि वही लिहीत राहणं.

यातलं तिसरं काम सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात आधी बंद पडणारंही तेच आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर आज भराव पडतो आहे, नवे पूल आणि रस्ते समुद्रात उतरत आहेत, काँक्रीटच्या प्रत्येक नव्या खांबाने पाण्यात नवी रिकामी भिंत उभी केली आहे. तिथे पहिल्या पावसाळ्यानंतर कोण येऊन बसतं ते कुणीतरी पाहायला हवं. मोठी यंत्रं लागत नाहीत. ओहोटीची वेळ, एक भिंग किंवा फोनचा बरा कॅमेरा, तारीख आणि जागा लिहायची सवय पुरते.

पुढच्या वेळी भाऊच्या धक्क्यावर रेवसच्या लाँचची वाट बघत उभे असाल आणि पाणी उतरलेलं असेल, तर पायऱ्यांच्या कडेच्या भिंतीकडे बघा. पांढऱ्या खरखरीत थरात एकेक सुटा जीव शोधा आणि त्याच्या भिंतीचे तुकडे मोजा. सहा भरले तर तो बहुतेक अ‍ॅम्फिट्राइट आणि त्याच्या भावंडांपैकी कुणीतरी, ज्यांचं मूळ गाव आपल्याला माहीत नाही. आणि एखाद्याचे चारच भरले तर फोटो काढा, तारीख टाका, आणि कुणाला तरी दाखवा.